दहाव्या लादीपर्यंतचं ऊन

३ डिसेंबर. कांबळेबाईंच्या सहा कुंड्या माझ्या हॉलमध्ये लावायच्या आहेत, आणि माझ्या हॉलमध्ये ऊन नेमकं कुठवर येतं ते मला माहीत नाही.

उद्या इमारतीच्या पश्चिम बाजूला परांची बांधून हिरवी जाळी लावणार आहेत. भेगा बुजवायच्या आणि बाहेरून रंग द्यायचा. जाळी दीड महिना राहील. त्या बाजूच्या घरांत तोवर अंधारच असेल, म्हणून तिथल्या लोकांनी आपल्या कुंड्या पूर्वेच्या घरांत हलवाव्यात, अशी नोटीस जिन्यात लागली आहे. कांबळेबाई माझ्या समोरच्या दारात, पश्चिमेला. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली. संध्याकाळी त्यांनी एकेक करून सगळ्या कुंड्या आणल्या. दोन मनीप्लांट, एक सिंगोनियम, एक जेड, एक क्रोटन, एक स्नेक प्लांट. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, कुठे ठेवायच्या.

मी म्हटलं, ठेवा कुठेही.

“कुठेही कसं? दादा असते तर...” एवढं बोलून त्या थांबल्या. दादा आता इथे नाहीत याला थोडीफार मी कारण आहे, हे त्यांना ठाऊक आहे आणि मलाही.

मी पावणेसातला घर सोडते. अंबरनाथला एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत मी क्वालिटीला आहे. परत येईपर्यंत सात वाजतात. मुलगी नोकरीसाठी पुण्यात, त्यामुळे दिवसभर घराला कुलूप. रविवारी घरी असते, पण रविवारी सकाळी उन्हाकडे बघत कोण बसतं? बदलापूरला कात्रपमध्ये आमच्यासारख्या निम्म्या घरांची हीच कथा आहे. हप्ते भरून घर घ्यायचं आणि ते दिवसा कसं दिसतं ते बघायचंच नाही. हे वाक्य माझं नाही, दादांचं आहे. त्यांचं म्हणून सांगते, कारण दुसऱ्याचं आपल्या नावावर खपवायची मला सवय नाही.

दादा म्हणजे ईश्वरदास दादा. तळमजल्यावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या घरात राहायचे. सत्तरी ओलांडलेले, उंच, थोडे वाकलेले. पांढरा बुशशर्ट, कानावर पेन्सिल आणि खिशात एक जाड कागद. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात त्यांचा चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ होता. मोबाइल आल्यावर स्टुडिओ मरत गेला, पुढे ती इमारतच धोकादायक ठरली आणि रिकामी करायला लागली. बायको आधीच गेलेली, मुलगी इंदूरला. तेव्हा ते एकटेच बदलापूरला आले, असं त्यांनी सांगितलं. मी त्या वेळी मनात नोंद केली की हे सगळं त्यांनीच सांगितलेलं आहे.

आल्यावर महिनाभरात त्यांनी माझं दार वाजवलं. रविवार होता. दार उघडल्यावर नमस्कार नाही, नाव नाही, एकदम म्हणाले, “मॅडम, तुमचा क्रोटन उपाशी आहे.”

मी विचारलं, तुम्ही माझ्या घरात कधी बघितलं? म्हणाले, खाली खुर्ची टाकून बसतो, वर बघितलं की गॅलरी दिसते, रविवारी तुम्ही कुंडी धुवायला तिथे आणता तेव्हा दिसते. बाईमाणसाच्या घराकडे खाली बसून बघत राहणाऱ्या माणसाला मी आत घ्यायला नको होतं. घेतलं, पण बाहेरचं दार सताड उघडं ठेवून.

क्रोटन हॉलच्या कोपऱ्यात टीव्हीजवळ होता. आणला तेव्हा लाल-पिवळा होता, वर्षभरात नुसता हिरवा झाला होता. मला वाटलं होतं, नर्सरीवाल्याने फसवलं. दादांनी खिशातला कागद काढला. तो एक जुना फोटो होता. पुढे कुठलीशी नवरी, मागची बाजू कोरी पांढरी. ती पांढरी बाजू वर करून त्यांनी कुंडीशेजारी धरली आणि वीतभर वर आपला पंजा धरला.

“सावलीची कडा दिसते?”

दिसत नव्हती. सावली आहे की मळकट डाग, तेही कळत नव्हतं. मग तोच कागद घेऊन ते गॅलरीच्या दाराशी गेले. तिथे पाचही बोटं कात्रीने कापल्यासारखी उमटली.

“क्रोटन, जेड, तुळस, यांना अशी कडा पाहिजे. कडा पुसट असेल तिथे मनीप्लांट, सिंगोनियम. कोपऱ्यात स्नेक प्लांट चालतो, पण त्याला पण महिन्यातून आठ दिवस बाहेर. आणि सावलीच नाही पडली तर प्लास्टिकचं आण बेटा. त्याला कोणी उपाशी मारत नाही.”

मी म्हटलं, रोज पाणी घालते की. त्यावर ते हसले. “पाणी सगळे घालतात. पाणी म्हणजे लाड. उजेड म्हणजे जेवण. लाल रंग हा त्याचा नट्टापट्टा आहे. उपाशी माणूस नटतो काय?”

क्रोटन त्यांनी दाराशी आणला. एकदम उन्हात नाही, आधी आठ दिवस पडद्याआड. दोन महिन्यांत नवीन पानं लाल आली. मी ते कबूल केलं. पण एखादा माणूस झाडाबद्दल खरं बोलतो म्हणजे सगळ्याबद्दल खरं बोलतो असं नाही. कंपनीत मी हेच काम करते. एकाच डब्यातल्या रंगाची पट्टी आम्ही एका पेटीत तीन वेगवेगळ्या दिव्यांखाली धरतो. दिवसाच्या उजेडात जुळलेला रंग ट्यूबलाइटखाली उघडा पडतो. एकदा बोलण्याच्या ओघात मी हे दादांना सांगितलं, तर ते इतके खूश झाले की दोन दिवस भेटेल त्याला सांगत होते. मला म्हणाले, “म्हणजे तुझी पण नोकरी उजेडाचीच. आपण एकाच धंद्यातले.” ओळख वाढवायची ही जुनी पद्धत आहे.

त्यांना कोणासमोरही सरळ बसता यायचं नाही. आधी ते तुमची खुर्ची सरकवायचे, म्हणजे खिडकी तुमच्या बाजूला येईल. “समोरून उजेड दिला की शरीफ माणूस पण चोर दिसतो,” म्हणायचे. “पासपोर्टचे फोटो बघ. सगळे चोर.” मला एकदा बराच वेळ न्याहाळून म्हणाले, “तुला बाजूनेच पाहिजे. समोरून तू पोलीस दिसते.” कांबळेबाईंना यावर इतकं हसू आलं की चहा सांडला.

झाडांचं वेड कुठून लागलं, हेही त्यांनी एकदा सांगितलं. स्टुडिओत नवरा-नवरीमागे ठेवायला तीन अरेका पाम होते. आत नुसते दिवे, खिडकी नाही. दर दोन महिन्यांनी पाम मरायचे आणि हे नवीन आणायचे. एका लग्नसराईत पाम मरायला टेकले आणि नवीन मिळेनात. तेव्हा त्यांनी एक पाम आत आणि दोन गच्चीवर, अशी पाळी लावली. आठवडाभर काम, दोन आठवडे रजा. त्याला ते ‘ड्यूटी’ म्हणायचे. तेच तीन पाम मग अकरा वर्षं टिकले. “माणसाला पण एवढीच रजा मिळाली असती तर,” एवढंच म्हणाले. बायको स्टुडिओच्या मागच्या खोलीत फोटोंचं रिटचिंग करायची, हे नंतर कांबळेबाईंकडून कळलं.

ही ड्यूटी त्यांनी आमच्या इमारतीतही लावली. आमच्या इमारतीला दोनच बाजू, पूर्व आणि पश्चिम. दादा म्हणायचे, सकाळचं ऊन दूध, दुपारचं ऊन दारू. एप्रिल-मे आला की पश्चिमेच्या गॅलऱ्यांत सिंगोनियमची पानं कागदासारखी करपायची. दादा ती झाडं उचलून पूर्वेच्या घरांत आणायचे. पावसाळ्यात अंधारलेल्या घरातली झाडं वरच्या मजल्यांवर. दिवाळीनंतर परत. कुंडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली असायची. कोणाची कुंडी कोणाकडे आहे हे सगळ्या इमारतीला पाठ होतं. हळदीकुंकवाला येत नसलेल्या बायका आपला मनीप्लांट बघायला एकमेकींकडे जायला लागल्या. मी हे सगळं पाहत होते.

आता चाव्यांचं. उजेड बघायचा तर दिवसा बघावा लागतो, आणि दिवसा घरी कोणी नसतं. म्हणून दादा चाव्या मागायचे. एकाने दिली, मग दुसऱ्याने दिली, वर्षभरात अकरा घरांच्या चाव्या त्यांच्याकडे जमल्या. एका कड्यात, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा. लोकांना त्यात सोयच वाटली. गॅसवाला आला, दादा. कुरिअर आलं, दादा. मी मात्र ते कडं बघितलं की चाव्या मोजायचे. एकट्या माणसाकडे अकरा घरं उघडायची सोय असणं बरं नाही, मग तो कोणीही असो.

तरी मी बारावी चावी दिली. कांबळेबाईंचं सिंगोनियम माझ्याकडे ड्यूटीवर होतं आणि त्यांनी फारच भुणभुण लावली, म्हणून. दिली, पण रोज निघताना बेडरूममधल्या कपाटाच्या दारात कागदाचा कपटा अडकवून जायचे. दार उघडलं तर कपटा पडणार. चौदा महिने तो कपटा रोज संध्याकाळी जागेवर सापडला. त्यावरून मी निष्कर्ष काढला की माणूस हुशार आहे.

या वर्षीच्या मेमध्ये मला टायफॉइड झाला आणि मी दहा दिवस घरी होते. चावी तेवढ्यापुरती मी परत मागून घेतली होती. एके सकाळी गोळी हातातून पडली, ती शोधायला हॉलमध्ये भिंतीलगत गुडघ्यांवर बसले, आणि मोझेकच्या लादीवर काळी रेघ दिसली. बोटाएवढी. तिच्याशेजारी उर्दूसारखी वाटणारी दोन अक्षरं. तीन लाद्या पुढे दुसरी रेघ. ओल्या फडक्याने पुसून पाहिली, जाईना. मग मी सगळं घर तसंच रांगत तपासलं. बेडरूममध्येही एक रेघ होती. कपाटापासून हातभर अंतरावर. बेडरूममध्ये माझं एकही झाड नव्हतं.

दुसऱ्या दिवशी समोर जाऊन बघितलं. कांबळेबाईंकडे चार रेघा. वरच्या मजल्यावर दोन घरांत तशाच.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या भागात रेघेला अर्थ असतो. रस्ता रुंद व्हायचा असला की एक दिवस कोणीतरी येऊन भिंतीवर रंगाची खूण करून जातं, आणि खुणेच्या अलीकडचं घर आपलं, पलीकडचं गेलं. इमारत पाडून नवी बांधायची असली की सह्या मागायला येण्याच्या आधी मोजणारी माणसं येतात. घरात कोणी मोजमाप केलं की इथे पहिला विचार हाच येतो. आणि त्याच सुमाराला टेप घेतलेला एक माणूस दोनदा आमच्या आवारात येऊन भिंती मोजून गेला होता. दोन्ही वेळा दादा त्याच्यासोबत फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा पीत बसलेले मी गॅलरीतून पाहिले होते. ज्याची स्वतःची इमारत रिकामी झाली, त्याला इमारती कशा रिकाम्या करतात हे चांगलं माहीत असतं. मी दोन आणि दोन चार केले. आठ घरांतल्या रेघांचे फोटो काढले आणि सेक्रेटरी पाटलांना मीटिंग बोलवायला लावली.

जूनच्या पहिल्या रविवारी, संध्याकाळी, गच्चीवर. दादा नेहमीसारखे आले, येताना दोन खुर्च्या सरकवून त्यांनी पाटलांच्या तोंडावर बाजूने उजेड पाडला. मी उभी राहिले. फोटो सगळ्यांना दाखवले. विचारलं, दादा, हे मोजमाप कोणासाठी?

“उन्हासाठी,” ते म्हणाले.

काही लोक हसले. मी नाही हसले. टेपवाल्याचं विचारलं. पाटील मध्येच म्हणाले, “ताई, तो रंगाच्या कामाचा अंदाज काढायला आलेला. मीच बोलवलेला त्याला.” मी म्हटलं, मग कोटेशन दाखवा. कोटेशन आलेलं नव्हतं. सेक्रेटरी असं बोलतातच, हे मी तिथेच बोलून दाखवलं.

दादांनी पिशवीतून वही काढली. कानावरची पेन्सिल दाखवली. फोटोवर खुणा करायची मेणाची पेन्सिल, पाण्याने जात नाही, स्टुडिओतलीच. म्हणाले, ऊन कुठवर येतं त्याची ही खूण. महिना बदलतो तशी खूण बदलते, म्हणून बाजूला तारीख. मग वही उघडून वाचायला लागले.

“वैशाली बेटा, तिसरा मजला, पूर्व. हॉल. पाच डिसेंबर, सकाळी नऊ वीस, दहावी लादी, मध्यावर. अठरा एप्रिल, नऊ वीस, सातवी लादी. बेडरूम, खिडकी...”

मी म्हटलं, बेडरूममध्ये माझं झाड नाही.

“म्हणून तर. ठेवता येईल काय ते बघितलं.”

ती वही उजवीकडून सुरू होणारी, जुन्या सिंधी लिपीत लिहिलेली. कॅम्पातल्या सिंधी शाळेत ते जी शिकले ती. त्यांच्या स्वतःच्या मुलीलाही ती येत नाही, हे त्यांनीच कधीतरी सांगितलेलं. आमच्या इमारतीत ती वाचणारं कोणी नाही. मी विचारलं, “तुम्ही वाचताय तेच तिथे लिहिलंय, हे कशावरून?”

प्रश्न बिनतोड होता. आजही मला त्यात चूक सापडत नाही.

दादांनी वही मिटली. कडं काढलं. एकेक चावी सोडवून ज्याची त्याच्या हातात दिली. दोऱ्याचा रंग बघायचीही त्यांना गरज पडली नाही. माझी आधीच माझ्याकडे होती. माझ्यासमोर आले तेव्हा हात रिकामे होते. म्हणाले, “बरोबर आहे तुझं. मी पण निगेटिव्ह बघितल्याशिवाय प्रिंट दिली नाही कधी.” मग म्हणाले, “कुंडी फिरवत जा. पाव फेरा. एकाच बाजूने खाऊन वाकडी होते.”

घरी येऊन मी कंपनीतून आणलेलं थिनर आणि तारेची घासणी घेतली आणि माझ्या घरातल्या तिन्ही रेघा साफ केल्या. तारेने लादीचं पॉलिश निघालं, तेवढी जागा निस्तेज झाली. चालतं.

त्यानंतर दादा कोणाच्या घरी गेले नाहीत, कोणी बोलवूनही. ड्यूटी बंद पडली. पावसाळ्याचे चार महिने ते खाली खुर्चीवर बसून असायचे, पण वर बघत नसत. रस्त्याकडे तोंड करून बसत. कांबळेबाईंच्या मनीप्लांटचा वेल दोन हात लांब गेला, दोन पानांमध्ये वीत वीत अंतर. त्या खूश झाल्या, केवढा वाढला म्हणून. मी दादांकडून ऐकलेलं होतं, की अंधारातलं झाड वाढत नसतं, उजेड शोधायला निघालेलं असतं. मी ते बाईंना सांगितलं नाही. माझा क्रोटनही गॅलरीतल्या ओल्या कपड्यांमागे पुन्हा हिरवा झाला.

दिवाळी झाल्यावर ते मुलीकडे इंदूरला गेले. सामान एका छोट्या टेम्पोत मावलं. सगळी झाडं त्यांनी पाटलांकडे दिली, एक पाम सोडून. तो पाम मांडीवर घेऊन ते ड्रायव्हरशेजारी बसले होते. मी गॅलरीत कपडे काढत होते. टेम्पो सुरू व्हायच्या आधी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, पंजा उघडा, तळवा खाली. मला वाटलं निरोप घेताहेत, म्हणून मीही हात वर केला. मग दिसलं की दुसऱ्या हातात तो पांढरा कागद होता. पामसाठी ऊन बघत होते. किंवा दोन्ही. मला खात्री नाही, आणि खात्री नसलेलं मी सांगत नाही. मग त्यांनी काच अर्धी वर केली, पाम सावलीच्या बाजूला वळवला आणि टेम्पो खरवईच्या रस्त्याला लागला.

पंधरा दिवसांपूर्वी टेपवाला पुन्हा आला. या वेळी रंगाचे डबे आणि परांचीचे बांबू घेऊन. मी खाली गेले आणि त्याला सरळच विचारलं, मेमध्ये खालच्या दादांशी काय बोलणं चालायचं?

“ते फोटोवाले काका?” तो म्हणाला. “त्यांनी तर डोकं खाल्लं माझं. दोन्ही बाजू एकदम बांधू नका, म्हणायचे. आधी पश्चिम बांधा, ती झाली की पूर्व. एक बाजू उघडी राहिली तर झाडं तिकडे जातील. दोनदा चहा पाजला एवढ्यासाठी. मला काय, बांबू पण निम्मेच लागतात. करतोय तसं.”

म्हणजे जिन्यातली ती नोटीस मुळात दादांची.

हे मी कांबळेबाईंना सांगितलेलं नाही. दादांना फोनही केलेला नाही. फोन करायचा म्हणजे चूक कबूल करायची, आणि टेपवाल्याने एक बाजू साफ केली तरी वहीची बाजू तशीच होती. ते वाचत होते तेच वहीत होतं का? आज कुंड्यांच्या मधोमध उभी असताना लक्षात आलं की ते तपासता येतं. पाटलांना सगळं लिहून ठेवायची खोड आहे. मी खाली जाऊन त्या मीटिंगचं मिनिट्सचं पुस्तक मागितलं. त्यात होतं, त्यांच्या मोठ्या गोल अक्षरात: तिसरा मजला पूर्व, डिसेंबर, सकाळी ९.२०, दहावी लादी, मध्यावर.

४ डिसेंबर. सकाळी कंपनीत फोन करून सांगितलं, अकरापर्यंत येते.

गॅलरीतली दोरी रिकामी केली, पडदा बाजूला केला, गॅलरीच्या दारापासून लाद्या मोजल्या आणि स्टुलावर घड्याळ ठेवून बसले. नऊला ऊन सोफ्याच्या पायांपर्यंत होतं. ते मागे सरकताना दिसतं हे मला माहीत नव्हतं. तिरप्या उजेडात लाद्यांवरचे दोन निस्तेज डागही दिसायला लागले, मी तारेने घासले होते ते. एक सातव्या लादीवर, एक दहाव्या. नऊ वीसला उन्हाची कडा दहाव्या लादीवरच्या डागाच्या मधोमध होती. मी पंजा धरून पाहिला. बोटं कापल्यासारखी.

मुलीची जुनी पेन्सिल शोधून मी तिथे रेघ मारली. मराठीत तारीख आणि वेळ घातली. फोनने फोटो काढला, दादांना पाठवला, खाली लिहिलं: दहावी, मध्यावर.

क्रोटन आणि जेड रेघेच्या आत ठेवले, मनीप्लांट आणि सिंगोनियम बाहेर. स्नेक प्लांट उचलून बेडरूममध्ये नेला आणि कपाटापासून हातभर अंतरावर ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. दादांचा व्हॉइस मेसेज होता. मागे कुकरची शिटी.

“अरे बेटा, फ्लॅश कशाला मारला? सगळी कडा खाऊन टाकली. परत काढ.”

फ्लॅश बंद करून परत काढायला गेले तर ऊन जवळजवळ एक लादी मागे गेलं होतं. म्हणून तिथे दुसरी रेघ मारली, तिच्यावर दुसरी वेळ घातली, मग फोटो काढला.

एवढ्यात दहा वाजून गेले. पर्स घेतली. कपाटात कपटा अडकवायला हात गेला, पण कागद शोधेपर्यंत आणखी उशीर झाला असता. राहिलं. समोरचं दार वाजवून कांबळेबाईंच्या हातात चावी दिली आणि सांगितलं की बारा वाजता हॉलमधल्या पाचही कुंड्या पाव फेरा फिरवा, आतल्या खोलीतली मी बघते.